तलावापर्यंत पाट

जबलपुरात अधारतालच्या मेन रोडवरून एक रस्ता तलावाकडे फुटतो. त्याच्या डाव्या बाजूला त्रेचाळीस फाटकं आहेत आणि रत्नाकर देऊसकरांना ती सगळी पाठ होती. फाटकांमागची माणसं नव्हे, फाटकांसमोरचे उतार. पहिल्या फाटकासमोर फुटपाथ नऊ इंच वर जायचा, दुसऱ्यासमोर सहा इंच खाली यायचा. तिसऱ्यासमोर तो नसायचाच, कारण तिथे कोणाची तरी बाग सुरू झालेली असायची. चौथ्यासमोर जनरेटर होता.

"चालणारा माणूस चारशे मीटरमध्ये पंचवीस फूट चढतो आणि पंचवीस फूट उतरतो," ते भेटेल त्याला सांगत. "तलावावर जाऊन राहिला का मदन महालच्या टेकडीवर?"

भेटणाऱ्याला बहुधा भाजी घ्यायची असे. तो मान हलवून पुढे जाई.

देऊसकरांनी छत्तीस वर्षं संरक्षण खात्याच्या एका कारखान्यात ड्रॉइंग ऑफिसला काढली होती. तिथे सुट्या भागांच्या नकाशांवर माणसं केसाच्या जाडीवरून भांडत आणि दुपारी एका डब्यात जेवत. निवृत्तीनंतर त्यांच्याजवळ उरलं काय, तर एक स्टीलची पट्टी, डझनभर पेन्सिली, एक चांगलं रबर, आणि जगात काहीच सरळ नाही ही खात्री. पणजोबा रेल्वेच्या चाकरीत नागपुराहून इकडे आले, ते राहिले. तेव्हापासून घरात मराठी आणि दाराबाहेर हिंदी. मधला उंबरठा इतका झिजला होता की आपला कोणता पाय कुठल्या बाजूला आहे, हे घरातल्या कोणालाच नीट सांगता आलं नसतं.

उतार मोजण्याचं वेड मात्र जुनं नव्हतं. दोन वर्षांपूर्वी लागलं. त्याला कारण कुंदाबाई.

कुंदाबाई त्यांच्या पत्नी. शाळेत भूगोल शिकवत. सत्तावीस वर्षं त्या रोज सकाळी चालत तलावापर्यंत जात आणि परत येत. एकट्या. घरात सासू-सासरे होते, मुली होत्या, वह्यांचे गठ्ठे होते. दिवसातला तेवढा एकच तास असा होता की त्यांना कोणी काही विचारत नसे. पुढे सासू-सासरे गेले, मुली पुण्या-बंगळूरला गेल्या, वह्या संपल्या, तरी तो तास त्यांनी सोडला नाही.

मग काचबिंदू आला. आधी कडा गेल्या, मग खालचं गेलं. नळीतून बघावं तसं समोरचं दिसे. येणारी गाय दिसायची, पायातली वीट दिसायची नाही. एका सकाळी पंचविसाव्या फाटकासमोर, भय्यासाहेब वझलवारांच्या गाडीसाठी केलेल्या सिमेंटच्या चढावर त्या अडखळल्या आणि मनगट मोडलं.

प्लास्टर निघाल्यावर देऊसकर त्यांचा हात धरून त्यांना तलावावर न्यायला लागले. तो कार्यक्रम अकरा दिवस चालला.

"तुम्ही हात धरत नाही, जप्ती आणता," बाराव्या दिवशी कुंदाबाई म्हणाल्या.

"तू पडू नये म्हणून धरून राहिलो."

"मी पडत नव्हते. तुम्ही आधीच झेलून राहिले होते." त्यांनी चपला परत कोपऱ्यात ठेवल्या. "मला तलाव नको आहे हो. मला एकटीनं जायचं होतं."

"जाशील," देऊसकर म्हणाले. "रस्ता सरळ करून देतो."

"बरं," कुंदाबाई म्हणाल्या, आणि रेडिओ लावला.

कसा सरळ करणार, हे त्यांनाही माहीत नव्हतं. त्यांनी फक्त मोजायला सुरुवात केली. मोजल्याने काही होत नाही, पण हात रिकामे राहत नाहीत.

गेल्या वर्षी मात्र बातमी आली. शहरातले काही रस्ते पायी चालणाऱ्यांसाठी नव्याने बांधायचे ठरलं होतं, आणि नमुना म्हणून निवडलेल्या तुकड्यांत हा तलावाचा रस्ता होता. वस्तीतल्या लोकांची सभा झाली. दीड तास सगळे पार्किंगवर बोलले. शेवटी देऊसकर उठले आणि त्रेचाळीस फाटकांची यादी टेबलावर ठेवून खाली बसले.

टेबलामागे प्रणोती मोहरील बसली होती. ज्या खासगी ऑफिसकडे या कामाचं डिझाइन होतं, तिथली ती इंजिनियर. वय एकतीस, वडील रेल्वेत, शिक्षण भोपाळला. मराठी तिला सगळी कळे. बोलताना मात्र मध्येच पायरी चुकून ती हिंदीत उतरे.

"काका, हे सगळं तुम्ही मोजलं? मतलब, का?"

"काहून म्हणजे? कोणीतरी मोजायला पाहिजे होतं."

"आमच्या सर्व्हेवाल्यांनी भी इतना नहीं दिया मला."

"त्यांना इथून पायी कुठे जायचं होतं."

तिने यादी पुन्हा पाहिली. प्रत्येक उतार मिलिमीटरमध्ये होता. आठवड्याने देऊसकर तिच्या कामावर रुजू झाले. साइटवर लेव्हल तपासायची आणि मिस्त्रीला नकाशा समजावून द्यायचा, एवढंच काम. कारखाना सोडल्यानंतर त्यांनी पहिल्यांदा शर्टाला इस्त्री केली.

प्रणोतीची कल्पना सोपी होती. टेबलावरच्या धुळीत तिने बोटाने ती काढून दाखवली.

"आत्तापर्यंत काय, गाडी सीधी जाते आणि माणूस वर-खाली. आपण उलटं करू. माणूस सरळ जाईल. गाडीला आत जायचंय, तर ती चढेल, उतरेल. तिला गुडघे नाहीत."

देऊसकरांना ही मुलगी त्या वाक्याला आवडली.

फुटपाथ आणि रस्ता यांच्यामध्ये तिने एक पट्टा ठेवला होता. दोन फूट रुंद, उथळ, उघडा. रस्त्यावरचं पावसाचं पाणी त्यात उतरेल, गिट्टी-मातीतून गाळत जमिनीत जाईल, उरलेलं हळूहळू तलावाला मिळेल. त्यात गवत आणि झुडपं लावायची. रस्त्याकाठचे सहा जुने करंज त्याच पट्ट्यात येत होते, त्यांच्या मुळांना पहिल्यांदाच श्वास मिळणार होता.

"याला बायोस्वेल म्हणतात," प्रणोती म्हणाली.

"हे नाव गवंड्याला सांगशील तर तो गावी निघून जाईल."

"मग काय म्हणू?"

"पाट. शेतात पाणी नेतात तो पाट. माझ्या आजोळी होता, कारंज्याला, संत्र्याच्या बागेत. अगदी असाच. उथळ, आणि काठाला गवत."

"पाट," तिने म्हणून पाहिलं. "छोटा है. अच्छा है."

तेव्हापासून त्यांच्यात तो पाट झाला. पाटाची रुंदी, पाटाचा ढाळ, पाटाचा काठ. काठ चार इंच उंच ठेवायचा, ही देऊसकरांची भर. पाणी जायला फटी सोडायच्या, पण बाकी काठ सलग. काठीचं टोक त्याला लावून चालत गेलं की माणूस डोळे मिटूनही तलावावर पोचेल. कोणासाठी हे प्रणोतीने विचारलं नाही. पण घरी देऊसकर तो काठ रोज कुंदाबाईंना शब्दांत बांधून दाखवत, आणि कुंदाबाई भाजी निवडता निवडता विचारत, "किती राहिला?"

मुरलीधर मिस्त्री शहपुऱ्याकडचा. पन्नाशीचा, काटक, आणि मापाच्या बाबतीत देऊसकरांइतकाच हट्टी. देऊसकर मिलिमीटरमध्ये बोलत, मुरलीधर सुतात. एका इंचात आठ सूत, याच्या पलीकडे जग त्याने मान्य केलं नव्हतं.

"छह मिलीमीटर नीचे है," देऊसकर म्हणत.

"मतलब दो सूत. तो दो सूत बोलो न बाबूजी, छह काय बोल रहे. आदमी डर जाता है."

पाणी भरलेली पारदर्शक नळी घेऊन दोघं दोन टोकांना उकिडवे बसत आणि नळीतलं पाणी स्थिर होईपर्यंत एकमेकांकडे बघत राहत. पाणी दोघांचंही ऐकत नसे, म्हणून भांडण मिटे.

नकाशे इंग्रजीत छापून येत. मुरलीधर हिंदी वाचे. म्हणून प्रत्येक शीटवर देऊसकर आपल्या कोरीव अक्षरात पेन्सिलीने हिंदी सूचना लिहून देत. 'यहाँ ढाल दीजिए.' 'यह पेड़ बचाइए.' 'यहाँ नाली साफ़ रखिए.' आपल्या हिंदीचा त्यांना अभिमान होता. जबलपुरात जन्मलेल्या माणसाला तो असायचाच.

नोव्हेंबरात फुटपाथ तलावापर्यंत पोचला. पाट मेन रोडकडून अर्धा बांधून झाला होता, आणि उरलेल्या दोनशे मीटरचं खोदकाम पुरं झालं होतं. तेवढ्यात कुंदाबाईंची नागपूरच्या डोळ्यांच्या डॉक्टरकडची तारीख आली. चार दिवस जायचं होतं. निघण्याआधी देऊसकरांनी शेवटची शीट मुरलीधरच्या हातात दिली. उरलेल्या लांबीला आधीसारखाच पाट करायचा आहे, यात शंका राहू नये म्हणून पट्ट्यावर ठळक लिहिलं आणि खाली दोन रेघा ओढल्या.

'यहाँ से तालाब तक पाट.'

नागपूरच्या डॉक्टरांनी सांगितलं, आहे तेवढी नजर टिकेल, गेलेली येणार नाही. कुंदाबाई म्हणाल्या, हे मला माहीत होतं, संत्रा बर्फी घेऊ या.

परत आल्यावर स्टेशनवरून येणारी ई-रिक्षा तलावाच्या रस्त्याला वळली आणि देऊसकरांनी ती थांबवायला सांगितली. कुंदाबाईंना घरी पाठवून ते तिथेच उतरले.

पाट नव्हता.

म्हणजे मेन रोडकडचा होता. जिथून पुढे तो जायला हवा, तिथून तलावापर्यंत सगळा खड्डा मुरूम-गिट्टीने भरून, चोपून, वर लाल-करडे ब्लॉक बसवलेले. करंजांच्या बुंध्यांना गळपट्टा घातल्यासारखे ब्लॉक. फुटपाथ आणि पट्टा मिळून एक लांब-रुंद अंगण झालं होतं, आणि रस्त्यापासून त्यावर चढायला गाडीला काही अडचण उरली नव्हती. नऊ स्कूटर उभ्या होत्या. एक चाटची गाडी होती. भय्यासाहेब वझलवारांची पांढरी मोटार फाटकाच्या आत असायची, ती आता बाहेर येऊन करंजाच्या सावलीत विसावली होती. काम मात्र सुरेख झालं होतं. दोन सुतांचाही फरक नव्हता.

मुरलीधर पलीकडे बिडी ओढत बसला होता. देऊसकरांना पाहून त्याने ती विझवली.

"मुरलीधर, ये क्या कर दिया?"

"जो आपने लिखा, सो कर दिया."

"मैंने क्या लिखा?"

मुरलीधरने डब्याच्या पिशवीतून घडी घातलेली शीट काढली आणि त्यांच्यासमोर धरली. "ये देखो. यहाँ से तालाब तक पाट. तो पाट दिया."

देऊसकरांनी ते एकदा मराठीत वाचलं. मग हिंदीत. हिंदीत पाटणं म्हणजे खड्डा भरून जमीन सपाट करणं. अक्षरं त्यांचीच होती, वळण त्यांचं होतं, रेघा दोन होत्या. बाकीचं वाक्य उंबरठ्याच्या त्या बाजूला आणि एकच शब्द या बाजूला राहून गेला होता.

"अरे, पाट क्रिया नहीं है. संज्ञा है."

"हमने तो क्रिया कर दी, बाबूजी."

देऊसकरांनी पायाने एक ब्लॉक दाबून पाहिला. तो हलला नाही.

"हमें भी अजीब लगा," मुरलीधर म्हणाला. "पंद्रह दिन खुदवाया, अब बोलते हैं पाट. पर बड़े काम में ऐसा होता है. बुरा बस एकई बात का लगा."

"किस बात का?"

"आप हमेशा इज़्ज़त से लिखते हो. दीजिए, बचाइए. इस बार सीधा पाट. जैसे बैल को बोलते हैं. फिर सोचा चलो, मैडम की आँख का मामला है, मन ठिकाने नहीं होगा." तो थोडा थांबला. "ठेकेदार का आदमी आया था. उसे अभी पता नहीं कि गड़बड़ है. पता चला और गलती हमारी निकली, तो हमें कल से आना नहीं है."

शीट देऊसकरांच्या हातात देऊन तो हात धुवायला गेला.

करंजाखाली देऊसकर बसले. खिशात रबर होतं. तीनदा फिरवलं असतं तर 'पाट' गेला असता आणि मागे एक स्वच्छ, निर्दोष पट्टा उरला असता. मुरलीधरचं कोण ऐकणार होतं. त्यांनी रबर बाहेर काढलं, बघितलं, परत ठेवलं. अक्षर जातं, पण पेन्सिलीचा दाब कागदावर राहतो, ड्रॉइंग ऑफिसात पकडायला तेवढा पुरतो. निदान स्वतःला त्यांनी कारण तेच सांगितलं.

घरी कुंदाबाई आधी हसल्या. बर्फीचा तुकडा हातात घेऊन, डोळ्यांत पाणी येईपर्यंत.

"जेवायला बसायचा तो पाट. पाण्याचा तो पाट. दुसरं लग्न लावतात तो पाट. तुम्ही चौथा काढला."

"हसून राहिली तू."

"मग काय करू? पाच पिढ्या जबलपुरात, आणि हिंदी अजून नागपूरच्या गाडीतच बसली आहे." मग त्या हसायच्या थांबल्या. "म्हणजे तो काठ नाही आता?"

"नाही."

"अच्छा," कुंदाबाई म्हणाल्या. बर्फीचा तुकडा त्यांनी परत डब्यात ठेवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी देऊसकरांनी शीट प्रणोतीसमोर ठेवली आणि सगळं सांगितलं. मुरलीधरची चूक नाही, हे आधी. प्रणोतीने वाचलं, ती हसली, आणि मग खुर्चीत बसली.

"गलती माझी भी आहे. मी रोज पाट पाट करत होते, मला भी नाही सुचलं." तिने कपाळ चोळलं. "काका, गुरुवारी पाहणी आहे. आज शनिवार."

"चार दिवसांत निघतं."

"निघतं. पण ऐका ना." तिने टेबलावरून एक कागद पुढे केला. "वझलवार साहेब काल ऑफिसात आले होते. चौदा लोकांच्या सह्या आहेत. लिहिलंय, खूप छान काम झालं, असंच ठेवा. मी ड्रॉइंग रिवाइज करू शकते. ब्लॉकच्या खालून पाइप टाकू, पाणी निकल जाएगा. झाडांभोवती थोडी जागा सोडू. कोणाला काही बोलायची गरज नाही. लोग खुश हैं, काका."

देऊसकरांनी सह्या वाचल्या. फाटकांच्या क्रमाने त्यांना त्या ओळखता येत होत्या.

"हे सगळे गाडीवाले आहेत," ते म्हणाले. "एकदा माझ्या बायकोला चालून बघू दे. मग पाइप टाक."

दुपारी कुंदाबाई आल्या. नागपूरला घेतलेली पांढरी काठी त्यांच्या हातात होती. तिची त्यांना अजून सवय नव्हती. एखादा आगाऊ विद्यार्थी हाताशी धरावा तशी त्यांनी ती धरली होती. प्रणोती होती, मुरलीधर होता, आणि गर्दी बघून भय्यासाहेब वझलवारही फाटकाबाहेर आले. ते जंगल खात्यातून निवृत्त झाले होते आणि अजूनही सगळ्या झाडांकडे हाताखालची माणसं असल्यासारखे बघत.

"या वहिनी," ते म्हणाले. "बघा, कसं प्रशस्त झालं."

"बघते," कुंदाबाई म्हणाल्या.

मेन रोडच्या बाजूने, जिथे पाटाचा काठ होता, तिथून त्यांनी चालायला सुरुवात केली. काठीचं टोक काठाला लावलं आणि निघाल्या. देऊसकर मागे जायला लागले तेव्हा त्यांनी मान न वळवता हात हलवला. ते थांबले. दोनशे मीटर त्या अशा चालल्या, की प्रणोतीला त्यांच्यामागे जवळजवळ पळावं लागलं.

मग काठ संपला. काठी हवेत फिरली, एका स्कूटरच्या स्टँडला लागली. त्या उजवीकडे झाल्या. चाटच्या गाडीचं चाक आलं. चाटवाला म्हणाला, दीदी ज़रा बाजू से. त्या आणखी उजवीकडे झाल्या, वझलवारांच्या मोटारीच्या आरशाला खांदा लागला, त्या वळल्या, चार पावलं सरळ गेल्या, आणि एका टेम्पोने करकचून ब्रेक मारला.

कुंदाबाई उभ्या राहिल्या. "मी आत्ता कुठे आहे?"

"काकू, तुम्ही रस्त्यावर आहात," प्रणोतीने त्यांचा दंड धरला. "बीचोबीच."

"केव्हा आले?"

फुटपाथ कुठे संपला, हे बघणाऱ्यांनाही नीट दिसलं नव्हतं.

"हा रस्ताच आहे," कुंदाबाई म्हणाल्या. आवाज वर्गातला होता, ओरडण्याचा नव्हे, शेवटच्या बाकापर्यंत जाणारा. "नुसता ब्लॉक बसवलेला. मला कळलं, माणसाची जागा काय नि गाडीची काय, ती या रंगीत लाद्यांनी ठरत नसते."

भय्यासाहेब म्हणाले, "वहिनी, पण दारासमोर खड्डा म्हणजे जरा..."

"भय्यासाहेब, मी तुमच्याच दारात पडले होते. तुम्ही मला लिंबाचं सरबत दिलं होतं. चांगलं होतं." त्या आवाजाच्या दिशेने वळल्या. "चढ मात्र तसाच ठेवला होता."

भय्यासाहेबांनी खिशात हात घातला. किल्ली होती. ते मोटारीत बसले आणि ती आत नेऊन लावली. फाटकही त्यांनीच लावलं, आणि मग बराच वेळ ते दिसले नाहीत.

प्रणोतीने सह्यांचा कागद घडी करून पर्समध्ये टाकला. "मुरलीधर भैया, उखाड़ना है."

"लिख के दो," मुरलीधर म्हणाला.

"मी सांगतेय ना."

"दीदी, आप नहीं. बाबूजी लिखें."

देऊसकरांनी पेन्सिल काढली आणि शीटच्या पाठीवर पूर्ण वाक्यात लिहिलं. 'कृपया इस पट्टी को फिर से खोद दीजिए. इसमें पानी बहेगा. इसे भरना नहीं है. कष्ट के लिए क्षमा करें.'

मुरलीधरने ते दोनदा वाचलं. "इतना तो हमारी शादी के कार्ड में नहीं लिखा था," तो म्हणाला, आणि कुदळ मागवली.

चार दिवस धूळ उडत राहिली. फाटकांसमोर गाडीच्या रुंदीएवढे ब्लॉक राहू दिले, त्याखालून पाणी जायला वाट ठेवली. बाकी सगळं उघडं. ठेकेदाराचा माणूस दोनदा चिडून गेला. दुसऱ्यांदा प्रणोतीने त्याला शीट दाखवली आणि मिस्त्रीने लिहिल्याप्रमाणेच केलं होतं, ऑफिसने लिहिताना चूक केली, असं सांगितलं. ऑफिस म्हणजे मी, असं देऊसकर मध्येच म्हणाले. त्याची तिथे गरज नव्हती. चाटवाला पलीकडच्या बाजूला गेला आणि तिथे त्याचा धंदा वाढला, असं तोच सांगे.

गुरुवारी पाहणीला चार साहेब आले. टँकर आणून रस्त्यावर पाणी सोडलं. पाणी थोडं भांबावलं, मग फटी शोधून पाटात उतरलं आणि तलावाकडे चालू लागलं. विसाव्या फाटकापाशी ते अडलं.

"दो सूत," मुरलीधर हळूच म्हणाला.

"पाच मिलिमीटर," देऊसकर म्हणाले.

मुरलीधरने चप्पल काढली आणि टाचेने माती थोडी खरवडली. पाणी पुढे गेलं.

"इसको क्या कहते हैं?" एका साहेबांनी विचारलं.

प्रणोतीने तोंड उघडलं, पण मुरलीधर आधी बोलला. "साहब, ये पाट है. पाटना नहीं है."

साहेबांनी ते लिहून घेतलं. त्यांना काय समजलं ते माहीत नाही. महिनाअखेरीला रस्त्याच्या उजव्या बाजूलाही हेच करायचं पत्र आलं.

कुंदाबाई गुरुवारी आल्या नाहीत, शुक्रवारीही नाही. "सिमेंट ओलं आहे," त्या म्हणाल्या. मग म्हणाल्या, "लोक बघत उभे राहतात." सोमवारी सकाळी साडेसहाला त्यांनी चपला घातल्या, शाल घेतली, काठी घेतली.

"वीस मिनिटांत येते. मागे यायचं नाही."

"नाही येत."

"पावलं ओळखते मी तुमची."

"नाही येत म्हटलं ना."

देऊसकर फाटकात उभे राहिले. थंडी चांगली पडली होती आणि रस्त्याच्या टोकाला तलावावरचं धुकं होतं. काठीचं टोक काठाला घासत गेल्याचा आवाज येत राहिला, फाटकापाशी थांबे, ब्लॉकवरून टकटक करत जाई, पुन्हा काठाला लागे. मग तो ऐकू येईनासा झाला.

वीस मिनिटं झाली. देऊसकर आत गेले, चहाचं आधण ठेवलं, बाहेर आले. तीस झाली. ते तिसऱ्या फाटकापर्यंत गेले आणि परत आले. आधण आटलं, दुसरं ठेवलं. पस्तिसाव्या मिनिटाला त्यांनी स्वेटर चढवला. चाळिसाव्या मिनिटाला तो काढला. तलावाच्या पायऱ्या जुन्या होत्या. त्या त्यांनी मोजल्याही नव्हत्या. त्या कोणाच्या नकाशात नव्हत्या. हे आत्ता सुचावं, याचा त्यांना राग आला.

पन्नास मिनिटांनी धुक्यातून काठीचा आवाज आला, आणि बऱ्याच वेळाने कुंदाबाई. शालीचं टोक ओलं होतं. हातात कागदाचा पुडा होता.

"कुठे होतीस?"

"तलावावर."

"पन्नास मिनिटं?"

"शिंगाडे घेतले. तिथेच पायरीवर बसून सोलले. वेळ लागतो, दिसत नाही नीट." त्यांनी पुडा त्यांच्या हातात दिला. "हे तुमचे. आठ उरले."

"सोबत कोण होतं?"

"कोणीच नाही," कुंदाबाई म्हणाल्या. त्यांनी चपला काढल्या, काठी दाराला टेकवली आणि आत जाता जाता म्हणाल्या, "उद्या चहा तुमचा तुम्ही घेऊन घ्या. मला उशीर होईल."